तिसरं बटण

पांढऱ्या कोटाचं तिसरं बटण अजून लागत होतं. ओढाताण करावी लागत नव्हती. दोन बोटांनी काजातून सरकवलं की ते आपसूक जागेवर बसे आणि त्याच्या दोन्ही बाजूंना कापडावर एकेक बारीक सुरकुती उमटे. डावीकडची थोडी लांब, उजवीकडची आखूड आणि टोकाला जरा खाली वळलेली. दुपारचा डबा खाऊन, हात धुऊन, कोट पुन्हा चढवताना तिची नजर त्या सुरकुत्यांवर गेली आणि तिथेच राहिली. निम्मं आयुष्य बारीक फरक शोधण्यात गेल्यामुळे तिच्या डोळ्यांना एक खोड लागली होती. एकदा पाहिलेली रेघ ते विसरत नसत. या दोन रेघा तिनं पूर्वी पाहिल्या होत्या, एवढ्याच लांबीच्या, याच आरशात, खिडकीबाहेरच्या झाडाला पानं फुटायची होती तेव्हा. आता झाड हिरवंगार झालं होतं. रेघा तेवढ्याच होत्या.

"काय बाईसाहेब, कोट नवा शिवला का?" मागून आवाज आला. तो दशांश होता. प्रयोगशाळेतला सगळ्यात जुना माणूस. चहात साखर किती, असं विचारलं तर 'शून्य पूर्णांक पाच दशांश चमचा' म्हणायचा, तेव्हापासून हेच नाव पडलं आणि त्यानंही ते हौसेनं वागवलं.

"नाही हो, तोच आहे."

"कमाल आहे. आमची ही या दिवसांत माझा रेनकोट घालून हिंडायची. तोसुद्धा पुढून उघडा." तो हात पुसत हसला. "तुम्ही आपल्या होतात तशाच. एकदम स्थिर."

त्यानं ते कौतुकानं म्हटलं होतं. या इमारतीत त्याहून मोठं कौतुक नव्हतं. शहरभरातून, शहराबाहेरून वजनं इथे तपासायला येत. सराफांची, औषध कंपन्यांची, दवाखान्यांची. काचेच्या घरातल्या नाजूक तराजूवर ती ठेवायची आणि थांबायचं. वजनाला उघडा हात लावायचा नाही, कारण बोटाचा ओलसरपणासुद्धा मोजला जातो. तराजूसमोर उगाच उभं राहायचं नाही, कारण माणसाच्या अंगाची ऊब काचेतून आत जाते आणि हवा हलते. शेवटचा आकडा चाळवत राहतो. वर, खाली, पुन्हा वर, झोप न लागणाऱ्या माणसासारखा. मग केव्हातरी तो थांबतो. त्या थांबण्यासाठीच ती नोकरी करत होती, असं म्हटलं तरी चालेल. आकडा थांबला की तिच्या खांद्यांतून काहीतरी खाली उतरे. घरातली भांडणं, आईची दुखणी, नवऱ्याचं वेळी-अवेळी कामावर जाणं, या सगळ्यांच्या वर तो एक थांबलेला आकडा असे. दशांशनं म्हटलेला तो शब्द आज मात्र तिला गार लागला. स्थिर. तिनं पोटावर तळवा ठेवला. आत बाळानं कूस बदलली. लाथ नाही, धक्का नाही, झोपेत माणूस पांघरुणाखाली सरकतो तसं नुसतं सरकलं. हल्ली ते असंच करी. आधी लाथा मारायचं, तेव्हा नवरा म्हणायचा, आत कुणीतरी कपाटं हलवतंय. आता कपाटं लागली असावीत जागेवर, असं ती त्याला परवा म्हणाली होती आणि दोघंही हसली होती. ते हसू आता तिला आठवलं आणि लाज वाटली.

ती तराजूपाशी जाऊन बसली. वजन सकाळीच काचेच्या घरात ठेवलेलं होतं, खोलीच्या तापमानाला येण्यासाठी. उजव्या हातात चिमटा घेतला. डावा हात मांडीवर पडून होता. तो नेहमीच पडून असे. लहानपणापासून घरात त्याला आळशी हात म्हणत; बुटाची नाडी बांधताना, उडी मारताना, दोन हातांनी टाळी वाजवतानासुद्धा तो क्षणभर मागून येई. 'उजवा राबतो, डावा सरकारी नोकरीत आहे,' असं बाबा म्हणायचे. तिला कधी अडलं नव्हतं. अडलं नाही म्हणून तिनं कधी विचारही केला नव्हता. आज मात्र तिनं मांडीवरच्या त्या हाताकडे पाहिलं. पाहुणा म्हणून आला आणि राहिला, अशा माणसाकडे पाहावं तसं.

डॉक्टरीणबाईंनी पहिल्यांदा सांगितलं तेव्हाही तिनं चिमट्यानंच उचलावं तसं त्यांचं वाक्य उचललं होतं. बाळ लहान आहे, त्या म्हणाल्या. नुसतं लहान असतं तर मी काही बोलले नसते. घराणंच बुटकं असतं कुणाचं. पण हे वाढायचं थांबतंय. डोकं वयाच्या मानानं ठीक आहे, पोट मात्र बारीक आहे. "बाळं हुशार असतात," त्या म्हणाल्या. "नाळेतून कमी यायला लागलं की आधी डोक्याला पाठवतात. मग हृदयाला. हातपाय, आतडी, यकृत, यांना म्हणतात, तुम्ही थांबा जरा." ते सांगताना त्यांचा आवाज इतका साधा होता की आधी तिला ते गोडच वाटलं. घरी जाताना मात्र डोळ्यांसमोर एक अंधारी खोली आली आणि त्या खोलीत कुणीतरी एवढंसं बसून दाणे मोजत होतं. हे याला, हे त्याला, तुला आज नाही. ज्यानं अजून एकदाही भूक हा शब्द ऐकला नव्हता ते उपाशी पोटाचा हिशेब करत होतं, आणि ते जिच्या आत बसलं होतं ती बाहेर दोन वेळा पोटभर जेवत होती. "मी खाते हो सगळं," ती तेव्हा म्हणाली होती, वर्गात चूक पकडल्यासारखी. "तुमच्या खाण्याचा दोष नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "वार नीट काम करत नाहीये. तुमच्या ताटातलं त्याच्यापर्यंत पोचत नाही." आईला हे कितीदा सांगितलं तरी पटलं नाही. ती दर जेवणाला ताटात आणखी वाढे आणि समोर बसून शेवटच्या घासापर्यंत बघत राही.

आणि मग बाईंनी पुढचं सांगितलं होतं. अशी बाळं जन्मली की काय होऊ शकतं, ते. लपवून ठेवणाऱ्यांपैकी त्या नव्हत्या. अंगावर चरबी नसते, म्हणून ऊब टिकत नाही. हात गार पडतात, मग सगळं अंग. शरीरात साठा नसतो, म्हणून रक्तातली साखर घसरते. मग बाळ थरथरतं, कधी झटके येतात. आत प्राणवायू कमी मिळाला म्हणून शरीरानं रक्त जास्त बनवलेलं असतं. ते दाट होतं. आतडी उपाशी राहिलेली असतात, दूध हळूहळू द्यावं लागतं, घाई केली तर सुजतात. वेळेआधी काढलं तर फुप्फुसं कच्ची. आणि वेळेआधी नाही काढलं तर. इथे त्या थांबल्या होत्या. "तर आतच कधीतरी थांबू शकतं," त्यांनी वाक्य पुरं केलं. "यातलं सगळंच होतं असं नाही. पुष्कळ बाळं थोडे दिवस त्रास काढून सुखरूप घरी जातात. काही जणांचं पुढे चालणं-बोलणं जरा उशिरा होतं. कुणाचं काय होईल ते मला आज सांगता येत नाही." नवरा त्या वेळी टेबलावरच्या कॅलेंडरकडे बघत होता. ती म्हणाली, "तुमच्या मशीनच्या वजनात चूक किती धरायची?" बाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "शंभराला दहा-पंधरा. कधी जास्तही." "म्हणजे बरीच आहे," ती म्हणाली, आणि त्या क्षणी तिला पहिल्यांदा श्वास घेता आला.

त्या चुकीच्या आडोशाला ती राहायला गेली. आठवड्यानं पुन्हा या म्हटलं होतं; फुप्फुसं पिकावीत म्हणून इंजेक्शनं घेतली, घाई करावी लागलीच तर तयारी असावी म्हणून. भरती व्हायचं का, कधी काढायचं, यावर दोघांनी बोलून ठरवा, असं बाई म्हणाल्या. ती म्हणाली, ठरवतो. ठरवलं काहीच नाही. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी ती गोष्ट होती. तिनं त्याऐवजी केलं ते हे की पुढच्या तारखेला बाईंकडे न जाता ती दुसऱ्याच एका सोनोग्राफी सेंटरमध्ये गेली, आणि त्याच्या पुढच्या वेळी तिसऱ्या. नवऱ्याला सांगितलं, खात्री करून घेते. तिच्या धंद्याची पहिली शिकवण हीच होती: एका यंत्रावर भरवसा ठेवू नका, वेगळं यंत्र, वेगळा माणूस, पुन्हा मोजा. तीन ठिकाणची वजनं जवळजवळ एक आली. उन्नीस-बीस. तिसऱ्या सेंटरच्या पायऱ्या उतरताना तिला इतकं हलकं वाटलं होतं की रस्त्यावर थांबून तिनं लिंबाचं सरबत घेतलं. तीन यंत्रं जुळली. मोजमाप चांगलं झालं. बाळ लहान आहे हे खरं, पण आहे ते पक्कं आहे. आकडा हलत नाही.

चिमटा हातात तसाच राहिला. काचेच्या घरात वजन चमकत होतं. दोन सुरकुत्या, एक लांब, एक आखूड. बटणसुद्धा एक यंत्रच होतं, चौथं, आणि तेही जुळत होतं. तिला ते कळलं तेव्हा काही आवाज झाला नाही. पंख्याखालचा कागद फडफडत होता तो फडफडतच राहिला. एकच गोष्ट तीनदा मोजली आणि आकडा एकच आला तर मोजमाप चांगलं. पण तिनं एकच गोष्ट तीनदा मोजली नव्हती. मधे आठवडे गेले होते. झाडाला पानं आली होती. ज्याचा आकडा हलायलाच हवा होता त्याचा आकडा हलला नाही, म्हणून ती सरबत प्यायली होती. नुकत्याच नोकरीला लागलेल्या कुठल्याही पोरीनं ही चूक केली असती तर तिनं तिला बाजूला घेऊन सांगितलं असतं. खरं तर दुसरं कुणी ही चूक केलीच नसती. ज्याला मोजण्यातलं काही कळत नाही त्यानं 'वाढत नाहीये' एवढंच ऐकलं असतं आणि घाबरून धाव घेतली असती. घाबरायचं टाळायला एवढं शिक्षण लागलं.

"काय झालं?" पलीकडच्या टेबलावरून दशांश म्हणाला. "अजून चाळवतोय का आकडा?"

"नाही," ती म्हणाली. "थांबलाय."

"मग लिहा की."

तिनं चिमटा खाली ठेवला आणि ती बाहेर गेली. व्हरांड्याला लांबलचक खिडक्या होत्या आणि सगळ्या बंद. फोन लावला तर पहिल्या घंटेलाच आईनं उचलला. हल्ली ती फोन मांडीवर घेऊनच बसे. "जेवलीस का?" आई म्हणाली. "भाजी संपवलीस? का दिलीस कुणाला?" ती जेवल्याचं म्हणाली. मग विचारायचं ठरवलेलं नसताना तिनं विचारलं, "आई, मी लहान असताना थरथरायचे का गं?"

आईची एक गोष्ट होती. घरात कुणीही नवं माणूस आलं की ती निघायचीच. ही जन्मली तेव्हा एवढीशी होती, चिमूटभर, म्हणून नाव पडलं चिमूट. बाळंतविड्यातलं टोपरं गळ्यापर्यंत यायचं. बाबांनी बुटांच्या खोक्यात कापूस घालून गादी केली आणि शेजारचा माणूस बघायला आला तो खोकं उघडून म्हणाला, बूट कुठायत? इथे सगळे हसत. आईसुद्धा. गोष्टीचा शेवट ठरलेला असे: "आणि बघा आता." मग तिला वळून उभं राहावं लागे, सगळ्यांनी बघावं म्हणून. या महिन्यात ती गोष्ट आईनं रोज सांगितली होती. चिमूट जगली ना? मग?

फोनमधून घरातलं घड्याळ टिकटिकताना ऐकू आलं.

"कुणी सांगितलं तुला?" आई म्हणाली.

"कुणी नाही. विचारते आपली."

"थंडी वाजतेय असं वाटायचं मला," आई म्हणाली. आवाज गोष्टीतला नव्हता. "हात हलायचे तुझे. असे, बारीक. हनुवटी हलायची. मी आणखी एक शाल घालायची. शाल घातली की थांबेल असं वाटायचं. तुझे बाबा म्हणाले, सकाळी बघू. मीच म्हटलं होतं खरं तर. तेच म्हणाले असं मी सांगते, पण मीच म्हटलं. एवढ्याशा जिवाला कुठे बाहेर काढायचं, वारा लागेल. सकाळी तू डोळे फिरवलेस."

"मग?"

"मग नेलं की. नळीनं साखरेचं पाणी दिलं. आलीस हळूहळू. ते खोक्याचं आहे ना, ते मी हसत सांगते. हसत नाही सांगितलं तर मला सांगताच येणार नाही. तू डॉक्टरांकडे जाणार आहेस ना आज?"

"हो."

"जा," आई म्हणाली. एवढंच. पुन्हा जेवणाचं विचारलं नाही, आणि ते न विचारणंच तिला जास्त भिववून गेलं.

तिनं डावा हात खिडकीच्या काचेवर टेकला. काच गार होती. बोटं मागून येतात ती त्या एका रात्रीमुळे, की ती तशीच येणार होती, हे आता कुणालाही मोजता येणार नव्हतं. तसं काही असेलच असंही नाही. आळशी हात पुष्कळांना असतात. पण त्या शालींचा थर तिच्या अंगावर चढत गेला, एकावर एक, आणि आतून कुणीतरी बारीक थरथरत राहिलं. प्रेमानं घातलेल्या शाली. वारा लागेल. सकाळी बघू. खात्री करून घेते. आई कमी शिकलेली होती म्हणून तिच्याजवळ शाल होती. आपल्याजवळ तीन सेंटरं होती.

संध्याकाळी ती पांढरा कोट न उतरवताच निघाली, तेव्हा नवरा कोपऱ्यावर उभा होता, कामाच्या निळ्या कपड्यांत, हाताला ग्रीसचा वास. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. दवाखाना चालत जाण्याएवढा जवळ होता आणि तिला चालायचं होतं. रस्त्यात दुकानांच्या काचा लागत होत्या आणि प्रत्येक काचेत ती स्वतःला बाजूनं बघत होती. तिचं पोट लांबून कुणाला दिसलंही नसतं. इतके दिवस लोक म्हणत, दिसत नाही गं तुला, आणि तिला ते बरं वाटे.

"आज एक म्हातारा अडकला होता," नवरा म्हणाला. शांतता त्याला सोसत नसे. "दोन मजल्यांच्या मधे. त्याला वाटलं, दार उघडून उडी मारू. मी वरून ओरडलो, बाबा, जागचे हलू नका. आत कितीही भीती वाटली तरी आत थांबायचं, हा नियम. मरतात ती माणसं बाहेर यायला बघतात म्हणून. दोरखंड तुटत नाही कधी. उडी चुकते."

तो हे तिला सांगत होता की स्वतःला, ते तिला कळलं नव्हतं असं नाही. गेले कितीतरी दिवस तो 'तू म्हणशील तसं' म्हणत होता. आधी तिला त्यात समजूतदारपणा दिसला. मग दिसलं की तो वाट बघतोय, ती बोलेल याची. जो बोलेल त्याच्या तोंडचा तो शब्द होणार होता. थांबलो आणि वाईट झालं तर ते नशीब. काढलं आणि वाईट झालं तर ते आपण केलं. काचेच्या पेटीतलं ते एवढंसं अंग, नळ्या, टोचलेल्या टाचा, पुढची वर्षं, उशिरा पडलेलं पहिलं पाऊल, सगळं त्या एका वाक्याच्या खात्यावर. म्हणून दोघंही एकमेकांना पुढे व्हा, पुढे व्हा करत दारातच उभी होती.

"आणि धूर आला तर?" ती म्हणाली.

"काय?"

"लिफ्टमध्ये माणूस अडकलाय आणि धूर यायला लागला. मग काय नियम?"

तो चालायचा थांबला. मागून येणारी एक बाई त्यांना वळसा घालून पुढे गेली. "धूर आला तर नियम नाही," तो सावकाश म्हणाला. "मग मिळेल तिथून ओढून काढायचं." त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही. तिचा डावा हात हातात घेतला आणि दवाखान्याच्या पायऱ्या येईपर्यंत सोडला नाही.

बसायच्या खोलीत पाच-सहा बायका होत्या. त्यांची पोटं तिनं पाहिली नाहीत. काचेच्या दारापलीकडे नवजात बाळांचा कक्ष होता आणि दाराला आतून पडदा. इंजेक्शनं घेतली त्या दिवशी मोठ्या सिस्टरनी तिला तिथे नेलं होतं. "बघून घ्या," त्या म्हणाल्या होत्या. "न बघितलेलं जास्त भिववतं." बघितलेल्यानंही भिववलंच. पेटीत एक बाळ होतं. अंगावरची कातडी मोठ्या भावाचे कपडे घातल्यासारखी सैल, मांड्यांवर घड्या, डोकं मोठं, त्यावर लोकरी टोपी, आणि चेहरा एखाद्या आजोबांचा. कपाळाला आठ्या, डोळे उघडे, सगळं जाणणारे. त्यानं तिच्याकडे पाहिलं असं तिला वाटलं. किंवा तिच्यामागच्या दिव्याकडे. सिस्टर त्याच्या टाचेतून रक्ताचा एक थेंब घेत होत्या, साखर बघायला. बाळ रडलं नाही, त्यानं फक्त तोंड उघडलं. तिला वाटलं, रडायला जे लागतं तेही यानं कुणाला तरी देऊन टाकलंय. "असं कसं दिसतं हो?" तिनं विचारलं होतं. सिस्टर थेंब पुसत म्हणाल्या, "ही पोरं म्हातारी येतात. मग पोटात पडायला लागलं की हळूहळू लहान होतात. परवा एक गेला घरी, आला तेव्हा पेन्शन मागायच्या बेतात होता. गेला तो गोबरे गाल घेऊन." त्या हसल्या होत्या. तिनं त्या वेळी ते हसू आत घेतलं नव्हतं. आज पडद्याकडे बघत बसली असता ते तिला हळूच आठवलं, आणि त्याच्या पाठोपाठ हेही की त्या पेटीत बाळाच्या पायाशी एक दिवा लाल जळत होता. ऊब होती तिथे. कुणीतरी थेंब बघत होतं. थरथरलं तर नुसती शाल घालून थांबणारं कुणी तिथे नव्हतं.

तिचा नंबर आला. डॉक्टरीणबाई मधल्या तारखांबद्दल काही बोलल्या नाहीत. "दुसरीकडे जाऊन आलात?" एवढंच म्हणाल्या. तिनं मान हलवली. "तिथेही हेच आलं असेल." तिनं पुन्हा मान हलवली. कोटाची बटणं खालून वर काढली. तिसऱ्यापाशी बोटं अडखळली. पोटावर जेल पडलं, गार. पडद्यावर करडं धुकं हललं आणि धुक्यातून आधी डोकं आलं, मग पाठीचा कणा, ओवलेल्या मण्यांसारखा. बाईंनी मोजलं. मग नाळेवर यंत्र धरलं आणि खोलीत तो आवाज सुरू झाला. पहिल्या वेळचा आवाज तिच्या कानात होता. किनाऱ्यावर लाट यावी आणि परतताना वाळूवरून सरसरत जावी तसा, न तुटणारा. आज लाट येत होती. आणि मग काही नव्हतं. मग पुन्हा लाट. पडद्यावर करवतीच्या दात्यांसारखी चित्रं उठत होती आणि दात्यांच्या मधली जागा काळी होती, अगदी खालच्या रेघेपर्यंत. ती काळी जागा तिनं पाहिली. तिथे चाळवणारं काही नव्हतं. तिच्या उभ्या आयुष्यात इतकं स्थिर काही तिनं पाहिलं नव्हतं.

"दोन ठोक्यांच्या मधे रक्त पुढे जात नाहीये," बाई म्हणाल्या. "गेल्या वेळी कमी होतं, पण जात होतं. हे इथून मागे फिरायला लागलं तर मी तुम्हाला विचारणार नाही, सरळ आत नेईन. आज विचारतेय. आज बाळाचे ठोके ठीक आहेत, म्हणून. माझं मत तुम्हाला माहीत आहे."

नवरा उशाशी उभा होता. त्याचा श्वास तिला ऐकू येत होता. लाट. काळं. लाट. त्या काळ्या फटीत दर वेळी कुणीतरी दाणे मोजत थांबत होतं: डोक्याला, हृदयाला, बाकीच्यांनी वाट बघा, आणि दर वेळी मोजायला मूठ थोडी रिकामी. किती दिवस हे एकटंच निर्णय घेत होतं. तिच्याहून किती लहान, आणि तिच्यासारखं घाबरट नसलेलं. शब्द जिभेवर होते आणि जड होते; तिनं आयुष्यात उचललेल्या कुठल्याही वजनाहून जड, आणि ते उघड्या हातानंच उचलावे लागणार होते.

डॉक्टरीणबाईंना तिची सवय झाली होती. त्यांनी यंत्र पुन्हा बाळाच्या पोटाकडे वळवलं. "हवं तर वजन अजून एकदा मोजून बघू," त्या म्हणाल्या.

"नको," ती म्हणाली. आवाज तिचाच होता, पण एक क्षण मागून आला. "आता मोजू नका. आजच बाहेर काढा त्याला."